‘साभार परत’च्या अलीकडे : लिटररी एजंटच्या हस्तलिखित-वाचनातील अपेक्षा आणि आशा

प्रास्ताविक

नव्या लेखकाचे पुस्तक वाचकांपुढे येण्यापूर्वी ते कोणीतरी हस्तलिखिताच्या अवस्थेत वाचलेले असते, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासात सहसा लक्षात घेतली जात नाही. समीक्षा छापील पुस्तकापासून सुरू होते. जे छापलेच गेले नाही त्याविषयी बोलण्याचे साधन तिच्यापाशी नसते आणि जे छापले गेले ते कोणाच्या, कशा प्रकारच्या वाचनामुळे छापले गेले याची विचारपूस ती फारशी करीत नाही. इंग्रजी भाषेच्या प्रकाशनव्यवहारात, विशेषतः ब्रिटन आणि अमेरिका या देशांत, हे पहिले वाचन आज बहुतांशी ‘लिटररी एजंट’कडे गेलेले आहे. लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी बोलणी करणारा आणि त्याबद्दल लेखकाच्या उत्पन्नातील ठरावीक हिस्सा घेणारा असा हा मध्यस्थ आहे. मराठीत या पदाला प्रतिशब्द रुळलेला नाही, कारण मुळात ते पदच आपल्याकडे निर्माण झालेले नाही. प्रस्तुत लेखात या मध्यस्थाच्या हस्तलिखित-वाचनाचे स्वरूप तपासले आहे. टेबलावर आलेल्या हस्तलिखितात त्याला नेमके काय सापडावेसे वाटते, हा येथील प्रश्न आहे.

अपेक्षा आणि आशा हे दोन शब्द मराठीत पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. परंतु त्यांच्यातील भेद या विषयाच्या दृष्टीने मोलाचा आहे. अपेक्षा आधी सांगता येते, तिची यादी करता येते आणि ती पूर्ण न करणाऱ्यास दोष देता येतो. आशा अशी सांगता येत नाही. एजंट मंडळी लेखकांसाठी ज्या सूचना प्रसिद्ध करतात (किती पाने पाठवावीत, ओळींमध्ये किती अंतर असावे, कथासार किती शब्दांचे असावे) त्या सगळ्या अपेक्षा होत. त्यांचा उपयोग मुख्यतः नाकारण्यासाठी होतो. स्वीकार मात्र ज्या गोष्टीमुळे होतो ती त्या सूचनांमध्ये लिहिलेली नसते. नवोदित लेखक सूचनांनाच निकष समजून बसतात आणि लेखनविषयक कार्यशाळांमधूनही तेच शिकवले जाते. या गैरसमजाचे परिणाम केवळ लेखकाच्या निराशेपुरते राहत नाहीत. कोणत्या प्रकारची कादंबरी लिहिली जावी यावरही ते होतात.

दलाल की वाचक?

एजंट हा आरंभी वाचक नव्हता. लंडनमध्ये १८७५ च्या सुमारास ए. पी. वॉट या स्कॉटिश गृहस्थाने हा व्यवसाय सुरू केला, तेव्हा त्याचे काम लेखकाच्या हक्कांची विक्री करणे एवढेच होते. दहा टक्के मोबदला ही प्रथा त्याच्याच काळात स्थिरावली. थॉमस हार्डी, रड्यार्ड किपलिंग, आर्थर कॉनन डॉयल हे त्याचे पक्षकार. ही मंडळी अगोदरच ओळखली जाऊ लागलेली होती. त्यांच्यात काही ‘सापडण्याची’ गरज वॉटला नव्हती. प्रकाशकांना हा तिसरा माणूस अर्थातच आवडला नाही. विल्यम हाइनमन या प्रकाशकाने १८९३ मध्ये एजंटवर जाहीर टीका करताना त्याची गणना बांडगुळात केली होती. आपल्याकडे बाजार समितीतील अडत्याविषयी शेतकऱ्याच्या मनात जी भावना असते तिच्याशी ही भावना जुळणारी आहे. मात्र येथे तक्रार शेतकऱ्याची नसून खरेदीदाराची होती, हा फरक ध्यानात ठेवावा.

जे. बी. पिंकर यांनी १८९६ मध्ये व्यवसाय सुरू केला आणि चित्र पालटले. हेन्री जेम्स, जोसेफ कॉनरॅड, आर्नल्ड बेनेट, स्टीफन क्रेन असे लेखक त्यांच्याकडे होते. त्यांपैकी कॉनरॅडचे उदाहरण बोलके आहे. त्यांची पुस्तके समीक्षकांना मानवत होती, पण खप नव्हता. लेखन ठरल्या मुदतीत पूर्ण होत नसे. पिंकर वर्षानुवर्षे आगाऊ रकमा देत राहिले आणि कर्जाचा डोंगर वाढत गेला. अखेर जानेवारी १९१० मध्ये ‘अंडर वेस्टर्न आइज’चे हस्तलिखित देण्याच्या वेळी दोघांमध्ये कडाक्याचे भांडण झाले; त्यानंतर कॉनरॅड आजारी पडले आणि दोघांचा पत्रव्यवहार बराच काळ कामापुरता उरला. १९१४ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या ‘चान्स’ने प्रथमच चांगला खप मिळवला. दलालीच्या हिशेबात हा व्यवहार बसत नाही. दहा टक्क्यांसाठी कोणी इतकी वर्षे थांबत नाही. पिंकर यांनी कॉनरॅडच्या पानांत काहीतरी वाचले होते आणि त्या वाचनावर त्यांनी स्वतःचे पैसे लावले होते, असेच म्हणावे लागते. पैसा हा या व्यवहाराचा पाया आहे. पण आधी वाचन आणि मग पैसा, असा त्याचा क्रम या प्रकरणात दिसतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या प्रकाशनसंस्थांनी अनाहूत हस्तलिखिते घेणे हळूहळू थांबवले. पूर्वी प्रकाशकाच्या कचेरीत साचणारा गठ्ठा एजंटच्या कचेरीत साचू लागला. मोबदलाही दहावरून बहुतेक ठिकाणी पंधरा टक्क्यांवर गेला. परदेशी हक्कांच्या विक्रीवर तो साधारणतः वीस टक्के असतो. हस्तलिखित वाचण्याबद्दल लेखकाकडून शुल्क घेऊ नये, हा या व्यवसायातील सर्वमान्य दंडक आहे. याचा अर्थ असा की एजंटचे वाचन विनामोबदला असते आणि पुस्तक विकले गेले तरच त्याचे मोल होते. शंभर हस्तलिखितांच्या नकाराची मजुरी एका होकारातून निघावी लागते. या वाचनातील घाई, कठोरता आणि उत्कंठा या तिन्हींचे मूळ या व्यवस्थेत आहे.

पाकिटातील तीन वस्तू

कादंबरीकाराकडून एजंटकडे साधारणतः तीन वस्तू जातात : सोबतचे पत्र, कथासार आणि आरंभीची काही पाने. ब्रिटनमध्ये पहिली तीन प्रकरणे पाठवण्याची पद्धत आहे. अमेरिकेत पुष्कळदा पत्र आणि पाच-दहा पानांवरच प्राथमिक निर्णय होतो. ललितेतर पुस्तकाच्या बाबतीत पूर्ण हस्तलिखिताऐवजी प्रस्ताव व एखाददुसरे नमुना प्रकरण चालते. तेथे विषयावरील अधिकार पाहिला जातो आणि प्रश्न सोपा होतो. पूर्वी टपालाने, परतीच्या तिकिटासह जाणारे हे पाकीट आता संगणकावरील अर्जाच्या रूपाने जाते. त्यामुळे पाठवणे स्वस्त झाले आणि गठ्ठा वाढला.

पत्रातून एजंटला लेखकाचे आत्मवर्णन नको असते. आपले पुस्तक कशाविषयी आहे हे लेखकाला कळले आहे काय, एवढे तो पत्रात पाहतो. ‘ही मानवी जीवनाची शोकांतिका आहे’ असे लिहिणाऱ्याला ते कळलेले नसते. एक माणूस, त्याची एक अडचण आणि तिच्यातून सुटण्याचा त्याने केलेला एक चुकीचा प्रयत्न एवढे तीन वाक्यांत सांगणाऱ्या लेखकाला बहुधा ते कळलेले असते. कथासाराची गोष्ट वेगळी. त्याचा उपयोग मर्यादित असतो : कादंबरीचा शेवट लेखकाने खरोखर गाठला आहे की तो मध्येच वाट चुकला आहे, हे त्यावरून समजते. कथासार वाचून कोणी प्रेमात पडत नाही. ‘कोसला’चे (१९६३) कथासार कोणी करून पाहावे : खेड्यातील मुलगा शिक्षणासाठी पुण्यात येतो, तेथे त्याचे काही नीट होत नाही, तो गावी परत जातो. इतके वाचून पुढे जाण्याची इच्छा कोणाला होईल? त्या कादंबरीचे सामर्थ्य पांडुरंग सांगवीकरच्या बोलण्याच्या ढंगात आहे आणि तो ढंग कथासारात येऊच शकत नाही.

म्हणून आशा खऱ्या अर्थाने तिसऱ्या वस्तूवर टिकून असते. आरंभीच्या पानांत एजंट काय शोधतो, असे विचारले तर या व्यवसायातील जवळपास प्रत्येक जण ‘आवाज’ किंवा ‘स्वर’ असे उत्तर देतो. हे उत्तर इतके सरावाचे झाले आहे की त्यातून काहीच निष्पन्न होत नाही. समीक्षेच्या परिभाषेत त्याची फोड करणे शक्य आहे. स्वर म्हणजे शैलीची सजावट नव्हे. निवेदक घटनेपासून किती अंतरावर उभा आहे, त्याला काय ठाऊक आहे, जे ठाऊक आहे त्यातील काय तो अद्याप सांगत नाही आणि हे न सांगणे त्याने कोणत्या हेतूने पत्करले आहे, या चार गोष्टींचे पहिल्या काही परिच्छेदांतच जाणवणारे निश्चितपण म्हणजे स्वर. नवख्या लेखकाची पाने बहुधा येथेच फसतात. तो पहिल्या पानावर नायकाचे घराणे सांगतो, दुसऱ्यावर गावाचा भूगोल, तिसऱ्यावर पाऊस. वाचकाला काही कळणार नाही या भीतीने तो सर्व काही सांगून टाकतो. व्याकरणाची चूक सुधारता येते, रेंगाळलेले प्रकरण कापता येते. ही भीती मात्र संपादकाला काढून टाकता येत नाही.

दया पवार यांच्या ‘बलुतं’चा (१९७८) आरंभ या दृष्टीने आठवावा. दगडू मारुती पवार आणि दया पवार ही एकाच माणसाची दोन रूपे तेथे समोरासमोर येतात, एक सांगतो आणि दुसरा ऐकतो. निवेदकाने स्वतःपासून घेतलेले अंतर पहिल्याच पानांवर स्थिर झालेले आहे. पुढील सर्व निवेदन त्या अंतरातून येते.

अरुंधती रॉय यांच्या ‘द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज’ची हकीकत सर्वश्रुत आहे. १९९६ मध्ये पूर्ण झालेले हस्तलिखित त्या वेळी दिल्लीत एका प्रकाशनसंस्थेत काम करणाऱ्या पंकज मिश्रा यांनी वाचले, लंडनला पाठवले आणि ते वाचून डेव्हिड गॉडविन हे एजंट लेखिकेला भेटण्यासाठी विमानाने दिल्लीत आले. प्रकाशनापूर्वीच अनेक देशांतील हक्क विकले गेले आणि १९९७ मध्ये पुस्तकाला बुकर पारितोषिक मिळाले. या हकीकतीतील आगाऊ रकमेचीच चर्चा अधिक झाली. अभ्यासकाने लक्ष द्यावे असे दुसरे काही त्यात आहे. या कादंबरीच्या पहिल्या प्रकरणातच सोफी मॉलच्या अंत्यविधीचे वर्णन येते; म्हणजे पुढे काय होणार याचे कुतूहल लेखिकेने स्वतःच संपवून टाकलेले आहे. सूचनांच्या यादीनुसार पाहिले तर ही आरंभीची चूक ठरावी. तरीही ज्याने ही पाने वाचली तो थांबला नाही, कारण काय घडले यापेक्षा ते कोणत्या क्रमाने उलगडायचे हे सांगणाऱ्याला पक्के ठाऊक आहे याची खात्री त्या पानांतून मिळते. एजंटला विमानात बसवणारी गोष्ट ही खात्री होती, असे मानण्यास जागा आहे.

याउलट, जे. के. रोलिंग यांच्या पहिल्या पुस्तकाच्या बाबतीत अपेक्षांचा अडसर कसा असतो ते दिसते. १९९५ मध्ये तीन प्रकरणे लंडनमधील ज्या एजंटकडे गेली तो मुलांची पुस्तके सहसा घेत नसे; त्यामुळे ती नकाराच्या ढिगात पडली होती. तेथील एका तरुण कर्मचारी स्त्रीने ती उचलून वाचली आणि उरलेले हस्तलिखित मागवण्यात आले. पुढे बारा प्रकाशकांनी नकार दिल्यावर ब्लूम्सबरीने ते घेतले आणि १९९७ मध्ये पुस्तक निघाले. नियमाने गेलेले हस्तलिखित नियमबाह्य कुतूहलाने परत आले.

‘वॉचमन’ : एजंटच्या खुर्चीत

एजंटने वाचलेले मूळ हस्तलिखित आणि त्यातून अखेरीस निघालेले पुस्तक ही दोन्ही समोर ठेवून वाचण्याची संधी अभ्यासकाला क्वचितच मिळते. हार्पर ली यांच्या बाबतीत ती मिळते, म्हणून या उदाहरणापाशी थोडे थांबणे इष्ट होईल.

न्यू यॉर्कमध्ये विमान कंपनीत तिकीट-आरक्षणाचे काम करणाऱ्या ली यांनी १९५६ मध्ये मॉरिस क्रेन या एजंटला आपल्या काही कथा दाखवल्या. क्रेन यांनी कथांऐवजी कादंबरी लिहावी असे सुचवले. १९५७ च्या आरंभीच्या आठवड्यांत ली पानांचे गठ्ठे त्यांच्याकडे आणून देऊ लागल्या आणि त्याच वर्षी ते हस्तलिखित लिपिन्कॉट या संस्थेकडे गेले. तेथील संपादक टे होहॉफ यांना ते सलग कादंबरीपेक्षा प्रसंगांची मालिका वाटले. परंतु लिहिणाऱ्या व्यक्तीत खऱ्या लेखकाची ठिणगी त्यांना जाणवली. दोन वर्षांहून अधिक काळ पुनर्लेखन चालले. १९६० मध्ये ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ प्रसिद्ध झाली आणि १९६१ मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. मूळ हस्तलिखित ‘गो सेट अ वॉचमन’ या नावाने २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. ते प्रसिद्ध करणे उचित होते काय, याविषयीचा वाद येथे बाजूस ठेवला आहे.

‘वॉचमन’चा आरंभ सव्वीस वर्षांच्या जीन लुईसच्या आगगाडीच्या प्रवासाने होतो. न्यू यॉर्कहून ती आपल्या गावी, मेकॉमला निघालेली आहे. निवेदन तृतीयपुरुषी आहे. पाने नेटकी आहेत, विनोदाची जाण आहे. पण निवेदक कोठे उभा आहे हे ठरत नाही. कधी तो जीन लुईसच्या डोक्यात असतो, कधी गावाचा इतिहास सांगू लागतो. उत्तरार्धात वडिलांचे वंशविषयक विचार उघड झाल्यावर पात्रे एकमेकांना व्याख्याने देऊ लागतात. विषय स्फोटक असूनही ही प्रकरणे जड होतात. मात्र मध्येच बालपणीची आठवण येते : जीन लुईस, तिचा भाऊ जेम आणि त्यांचा सवंगडी डिल अंगणात धर्मोपदेशकाचा खेळ खेळतात, माशांच्या हौदात बाप्तिस्मा उरकतात आणि नेमके तेव्हाच घरी पाहुणे येतात. या पानांत भाषेची चाल बदलते. निवेदक एकाएकी कोठे उभा राहावे हे जाणतो, मुलांच्या उंचीवरून पाहतो आणि मोठ्यांच्या समजुतीने हसतो. पुढे ‘मॉकिंगबर्ड’मध्ये प्रथमपुरुषी स्काउटच्या रूपाने जो स्वर आला, तो येथे काही पानांपुरता चमकून जातो.

आता एजंटच्या खुर्चीत बसून विचार करावा. हे हस्तलिखित पुढे पाठवावे काय? अपेक्षांच्या यादीत ते नापास आहे : रचना सैल, शेवट वादविवादात हरवलेला, आरंभ संथ. क्रेन यांनी ते पाठवले. तयार पुस्तकाची आशा त्यांना असती तर त्यांनी ते पाठवले नसते. सध्याच्या पद्धतीत पाच पानांवर निर्णय झाला असता तर आगगाडीचा प्रवास वाचला गेला असता आणि हौदातील बाप्तिस्म्यापर्यंत कोणी पोहोचले नसते. अर्थात क्रेन लेखिकेला प्रत्यक्ष ओळखत होते, तिच्या कथा त्यांनी आधी वाचल्या होत्या आणि पानांचा गठ्ठा हप्त्याहप्त्याने त्यांच्याकडे येत होता, हे विसरून चालणार नाही. अनोळखी नावाच्या शेकडो अर्जांसमोर बसलेल्या आजच्या एजंटकडून त्याच संयमाची मागणी करणे थोडे अन्यायाचे होईल.

पहिल्या पानांचा अन्याय

तरीही प्रश्न उरतो, आणि तो विल्यम गोल्डिंग यांच्या हस्तलिखिताने अधिक टोकदार होतो. ‘स्ट्रेंजर्स फ्रॉम विदिन’ या नावाचे ते हस्तलिखित एजंटमार्फत नव्हे, थेट प्रकाशकांकडे जात होते आणि परत येत होते. १९५३ मध्ये फेबरकडे पोहोचले तेव्हा त्याची पाने अनेक हातांतून गेल्याच्या खुणा दाखवीत होती. संस्थेच्या वाचकाने प्रतिकूल शेरा मारून ते बाद केले. नुकतेच संस्थेत रुजू झालेल्या चार्ल्स माँटिथ यांनी ते पुन्हा वाचावयास घेतले. त्याचा आरंभ अणुयुद्धाच्या वर्णनाने होत होता. त्यात एकही पात्र नव्हते. माँटिथ यांनाही ती पाने आवडली नाहीत. ते पुढे वाचत राहिले. मुले बेटावर आली आणि हस्तलिखिताने त्यांना धरून ठेवले. तो आरंभ कापला गेला, इतर दुरुस्त्या झाल्या आणि १९५४ मध्ये ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ प्रसिद्ध झाली.

या हस्तलिखितातील सर्वांत वाईट पाने नेमकी पहिली होती. पहिल्या पानांवरून स्वर कळतो, हे एजंटचे गृहीतक बहुतेक वेळा बरोबर असते. येथे ते सपशेल चुकले असते. नवोदित लेखक पुष्कळदा लिहिता लिहिता आपला स्वर शोधतो, त्यामुळे आरंभीची पाने ही त्याच्या चाचपडण्याची पाने असतात. अनुभवी लेखक शेवट लिहून झाल्यावर आरंभ पुन्हा लिहितो. नवख्याला हे कोणी सांगितलेले नसते. ज्याच्यासाठी ही सर्व चाळणी उभी केली आहे, त्याच्याच बाबतीत ती चुकण्याचा संभव सर्वाधिक आहे.

यापेक्षा खोल परिणाम दुसराच आहे. पहिल्या पाच पानांत पकडले पाहिजे हे एकदा कळले की लेखक पाच पाने पकडणारी लिहू लागतात. लेखन शिकवणाऱ्या वर्गांमधून ‘पहिले वाक्य’ हा स्वतंत्र अभ्यासविषय झाला आहे. प्रेत, स्फोट किंवा चटकदार विधान यांनी सुरू होणाऱ्या कादंबऱ्यांची संख्या का वाढली, याचे उत्तर काही अंशी तरी या चाळणीत शोधावे लागेल. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) नेमणुकीच्या गावाकडे चालत निघालेल्या मास्तरापासून सुरू होते. आजच्या सूचनांनुसार तेथे काहीच ‘घडत’ नाही. पण त्या चालण्याच्या लयीतच पुढील संपूर्ण कादंबरीची दृष्टी आहे. कान असलेला एजंट ती ओळखील, यादी हातात धरलेला ओळखणार नाही. एजंट या व्यक्तीपेक्षा यादीविषयीच तक्रार करणे म्हणूनच अधिक रास्त होय.

मराठीतील रिकामी जागा

मराठीत एजंट का निर्माण झाला नाही, याचे साधे उत्तर हिशेबात आहे. तीनशे रुपये किमतीच्या कादंबरीची हजार प्रतींची आवृत्ती पूर्ण विकली गेली आणि लेखकाला दहा टक्के रॉयल्टी मिळाली असे मानले, तर लेखकाच्या वाट्याला तीस हजार रुपये येतात. त्यातील पंधरा टक्के म्हणजे साडेचार हजार. तेही आवृत्ती संपेपर्यंत तुकड्यातुकड्यांनी. एवढ्यावर कोणी इतरांची हस्तलिखिते वाचीत बसणार नाही.

परंतु ते वाचन मराठीत झालेच नाही असे नाही. ते संपादकांनी केले. श्री. पु. भागवत (१९२३–२००७) आणि राम पटवर्धन यांनी ‘सत्यकथा’ मासिकाच्या व मौज प्रकाशनाच्या कामात हस्तलिखितांवर घेतलेले श्रम, लेखकांना लिहिलेली पत्रे, पुनर्लेखनासाठी धरलेला आग्रह हा मराठी वाङ्मयीन इतिहासाचा भाग आहे. ‘साभार परत’ हे दोन शब्द मराठी लेखकांच्या कित्येक पिढ्यांनी याच वातावरणात ऐकले. या वाचनाचा एक विशेष असा की त्याचा पुस्तकाच्या विक्रीशी थेट संबंध नव्हता. त्यामुळे घाई नव्हती आणि हस्तलिखित पूर्ण वाचले जाई.

मात्र या वाचनालाही स्वतःच्या अपेक्षा होत्या. त्या लेखी नव्हत्या आणि म्हणूनच अधिक कठीण होत्या. लघुनियतकालिकांच्या चळवळीतील तरुणांचा रोष याच अलिखित अपेक्षांवर होता. १९६९ मध्ये राजा ढाले यांनी ‘सत्यकथेची सत्यकथा’ लिहिली आणि ‘सत्यकथे’च्या अंकाची जाहीर होळी करण्यात आली. त्या कृतीचे समर्थन करावे की नाही, हा प्रश्न येथे गौण आहे. एका विशिष्ट कानाला जो स्वर म्हणून ऐकू येतो तोच स्वर, असे धरले गेले की दुसऱ्या वस्तीतून येणारा स्वर त्याला गोंगाट वाटतो, हे त्या प्रसंगाने मराठीला दाखवले. गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ आणि पुढे ‘बलुतं’ व लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) प्रसिद्ध करणारी ‘ग्रंथाली’ यांनी वेगळा कान उपलब्ध करून दिला. लंडन-न्यू यॉर्कमधील एजंटच्या ‘स्वर हवा’ या आग्रहाकडे पाहताना मराठी अभ्यासकाने हा अनुभव हाताशी ठेवावा. स्वर ऐकण्याची क्षमता जन्मजात नसते. ती वाचनाच्या सवयींनी घडते, आणि त्या सवयी वर्गाने, जातीने व भाषेने घडवलेल्या असतात.

हा प्रश्न आता मराठीपुरता दूरचा राहिलेला नाही. एकविसाव्या शतकात भारतातही एजंट काम करू लागले आहेत आणि भारतीय भाषांतील पुस्तकांची इंग्रजी भाषांतरे बाहेरच्या प्रकाशकांपुढे ठेवली जात आहेत. ‘बलुतं’चे जेरी पिंटो यांनी केलेले इंग्रजी भाषांतर २०१५ मध्ये, म्हणजे मूळ पुस्तकानंतर सदतीस वर्षांनी आले. ‘कोसला’लाही सुधाकर मराठे यांच्या ‘कोकून’पर्यंत (१९९७) चौतीस वर्षे वाट पाहावी लागली. भाषांतराच्या बाबतीत पाकिटातील तिसरी वस्तू बदलते : पूर्ण पुस्तक अनुवादित नसेल तर नमुन्यादाखल काही पाने अनुवादित करून पाठवली जातात. ती कोणती असावीत, हा निर्णय लेखक आणि अनुवादक यांचा असतो, आणि तो व्यावहारिक दिसला तरी समीक्षकाचाच निर्णय असतो. प्रथेप्रमाणे आरंभीची पाने जातात. येथे एजंट दोन स्वर एकदम ऐकत असतो, लेखकाचा आणि अनुवादकाचा. आणि त्यांतील कोणता खोटा लागला हे त्याला सांगता येत नाही, कारण मूळ त्याला वाचता येत नाही.

सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) या कादंबरीवरून ही अडचण नेमकी कळते. तिचे पिंटो यांनीच केलेले इंग्रजी भाषांतर २०१३ मध्ये निघाले. घरी राहायला आलेल्या एकाच तरुणावर बहीण-भाऊ दोघेही प्रेम करतात. पूर्वार्ध तनयचा आहे, उत्तरार्ध अनुजाच्या दैनंदिनीचा. तनयचे निवेदन निघून गेलेल्या माणसाला उद्देशून आहे आणि ते वाचताना तीच एक हकीकत आहे असे वाटत राहते. अनुजा लिहू लागते तेव्हा तनयला काय दिसले नव्हते ते वाचकाला दिसू लागते, आणि आधी वाचलेल्या पानांचा अर्थ बदलतो. अशा कादंबरीची पहिली तीस पाने पाठवली तर त्यांत तनय असतो आणि अनुजा अजून आलेली नसते.